पंचेचाळीस आणि पन्नास टक्क्यांमधली वाट: कमी गुणांची पदवी आणि फायनान्सचे पदव्युत्तर शिक्षण

पदवीला गुण कमी असले तर फायनान्समधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर 'कमी' म्हणजे कुठे कमी यावर अवलंबून असते. प्रवेशाच्या वाटेवर गुण दोनदा मोजले जातात. पहिल्यांदा ते उंबरठा म्हणून मोजले जातात: ठरलेली टक्केवारी असेल तर आत, नसेल तर बाहेर, आणि तिथे कोणतेही कारण ऐकून घेतले जात नाही. दुसऱ्यांदा ते रांगेतली जागा ठरवण्यासाठी मोजले जातात. तिथे प्रवेश परीक्षा, नोकरीचा अनुभव, मुलाखत, निवेदन यांचे वजन पडते आणि पदवीच्या गुणांची बाजू सावरून घेता येते. कमी गुणांचे बहुतेक अर्ज वाया जातात ते या दोन मोजण्यांतला फरक न ओळखल्यामुळे. उंबरठ्यावर अडलेला उमेदवार निवेदन सुंदर करत बसतो, आणि रांगेत सहज पुढे सरकू शकणारा उमेदवार मार्कशीट पाहूनच घरी बसतो.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हा दुसरा प्रकार जास्त. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा उत्तरेकडचा हा टोकाचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी, तर डहाणूत किनाऱ्यावर मांगेला, माच्छी, भंडारी, गुजराती आणि इराणी वस्ती, आत डोंगराकडे वारली, कोकणा, धोडी, कातकरी. कॉमर्सचे शिक्षण इथे आता घराजवळ मिळते. तलासरीतले महाविद्यालय १९४५ च्या वारली उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या नावाचे आहे आणि तिथे कला आणि विज्ञानाबरोबर वाणिज्य शाखाही चालते. त्याशिवाय पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय गाडीच्या टप्प्यात आहे. बोर्डीच्या एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालयातून बी.एस्सी. करून फायनान्सकडे वळणेही शक्य असते, कारण बहुतेक फायनान्स अभ्यासक्रमांना पदवीची कोणतीही शाखा चालते, गणिताची भीती चालत नाही. एक गोष्ट जाता जाता नोंदवायला हवी. परुळेकरांच्या चळवळीने ज्याच्याविरुद्ध लढा दिला ती लग्नगडीची प्रथा, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणे, हा मुळात व्याजाचाच प्रश्न होता. या भागात कर्जाचे शास्त्र पुस्तकाच्या आधी घरात शिरलेले आहे.

गुण कमी पडण्याची इथली कारणेही ठरलेली आहेत. घरी वारली किंवा गुजराती, आश्रमशाळेत मराठी, आणि बी.कॉम.ला आल्यावर इंग्रजी पुस्तके. मुंबई विद्यापीठात वाणिज्यच्या अनेक पेपरना मराठीत उत्तरे लिहिण्याची मुभा असली तरी चांगली संदर्भपुस्तके इंग्रजीतच सापडतात. अकरावीला वाणिज्य घेताना गणित सोडून सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेण्याची चाल सर्रास आहे, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या गणित व संख्याशास्त्राच्या पेपरला केटी लागते, म्हणजे विषय राहतो. वापी, उंबरगाव किंवा बोईसरच्या कारखान्यात पाळीने काम करत शिकणारे, चिकूच्या हंगामात बागेत जाणारे, घरचे वीटभट्टीवर गेल्यावर धाकट्यांना सांभाळणारे विद्यार्थी वर्गात कमीच दिसतात. यातले काहीही गुणपत्रिकेवर छापलेले नसते. तिथे फक्त टक्केवारी, श्रेणी आणि कोणता विषय कितव्या खेपेला सुटला एवढेच असते.

म्हणून आधी गुणपत्रिका नीट वाचावी. मुंबई विद्यापीठाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ८० आणि त्यावर 'ओ' म्हणजे १० गुण, ७० ते ८० ला ९, ६० ते ७० ला ८, ५५ ते ६० ला ७, ५० ते ५५ ला ६, ४५ ते ५० ला ५ आणि ४० ते ४५ ला ४ गुण मिळतात. चाळिसाच्या खाली नापास. या कोष्टकात एक फसवी जागा आहे. सगळ्या विषयांत ५२ टक्के मिळवणाऱ्याचा सीजीपीए ६ येतो. त्याला दहाने गुणून कुणी 'साठ टक्के, प्रथम वर्ग' असे अर्जात लिहिले तर ते चूक ठरते आणि कागदपत्रांच्या तपासणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. उलट काही ठिकाणी, विशेषतः परदेशात, सीजीपीए आणि टक्केवारी यांतल्या कोणत्या आकड्यावर हिशोब होणार यावर उमेदवाराचे नशीब पालटते. म्हणून अर्ज भरण्याआधी विद्यापीठाने दिलेले रूपांतराचे अधिकृत सूत्र आणि ज्या संस्थेत अर्ज करायचा तिचा नियम, दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. ४९.९ टक्के म्हणजे ५० असा समज बाळगू नये. नियमात पूर्णांक करण्याची सोय लिहिलेली असेल तरच ती मिळते.

निकाल ताजा असेल तर पुनर्मूल्यांकनाचा आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा अर्ज मुदतीत करणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. उंबरठ्याच्या एक-दोन टक्के अलीकडे अडकलेल्यासाठी दोन पेपरमधले आठ-दहा गुण पुढची दोन वर्षे ठरवतात. ही मुदत थोड्या दिवसांची असते आणि गावाकडच्या विद्यार्थ्याला ती बहुधा उलटून गेल्यावर कळते.

महाराष्ट्रात या उमेदवारासाठी सगळ्यात मोकळी वाट कोणती, याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे: राज्याची एमबीए-एमएमएस सीईटी ही प्रवेश परीक्षा. या प्रवेशाला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्के आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांसाठी ४५ टक्के लागतात. तो उंबरठा ओलांडला की केंद्रीभूत प्रवेशफेरीची गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. पदवीचे ४६ टक्के आणि ८६ टक्के तिथे जवळजवळ एकाच पायरीवर उभे राहतात. पदवीचा विचार होतो तो प्रामुख्याने समान गुण पडल्यावर. परीक्षेत दोनशे प्रश्न, वेळ दीडशे मिनिटे: तर्कशक्तीचे ७५, अमूर्त तर्काचे २५, अंकगणिती क्षमतेचे ५० आणि इंग्रजी भाषेचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून शेवटच्या मिनिटाला एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नसतो. निम्मी परीक्षा तर्काची असल्यामुळे इंग्रजीची बाजू लंगडी असलेला पण सरावाला न कंटाळणारा विद्यार्थी इथे टिकू शकतो. एमएमएसच्या दुसऱ्या वर्षी फायनान्स हे विशेषीकरण घेता येते, आणि नोकरीच्या बाजारात त्याला फायनान्सची पदव्युत्तर पदवी म्हणूनच ओळखतात.

या यादीच्या वरच्या टोकाला चर्चगेटजवळच्या जमनालाल बजाज (स्थापना १९६५) आणि सिडनहॅम या संस्था आहेत. बजाजमध्ये फायनान्सची स्वतंत्र एम.एस्सी.ही चालते. एप्रिल २०१३ पासून पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडपर्यंत येते; ज्या मार्गाचे एक टोक डहाणू, त्याच मार्गाचे दुसरे टोक चर्चगेट. मात्र सव्वाशे किलोमीटर रोज जाऊन-येऊन पूर्णवेळ अभ्यासक्रम निभत नाही, हे ज्यांनी विरारला गाडी बदलून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वसतिगृहाचा विचार प्रवेशाच्या वेळीच करावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी राज्यात सात टक्के जागा राखीव असतात आणि त्या जागांचे कटऑफ खुल्या प्रवर्गापेक्षा बरेच खाली उतरतात. यातला अडथळा गुणांचा नसून कागदाचा असतो, त्याकडे पुढे वळू.

आयआयएमच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या कॅटची गोष्ट वेगळी. तिथेही किमान अट ५० टक्क्यांची आहे, पण ४५ ची सवलत फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना. म्हणजे ४७ टक्के मिळवलेला इतर मागासवर्गीय विद्यार्थी राज्याच्या सीईटीला बसू शकतो, कॅटला नाही. शिवाय अनेक आयआयएम मुलाखतीची यादी करताना दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांच्या गुणांना वजन देतात. कॅटचा पर्सेंटाइल चांगला येऊनही जुने गुण पाय ओढतात. केंद्रीय संस्थांतल्या साडेसात टक्के राखीव जागांमुळे आदिवासी विद्यार्थ्याची स्पर्धा त्याच प्रवर्गात होते, पण वजनाचे सूत्र तेच राहते. म्हणून प्रत्येक आयआयएमचे निवड-निकष वेगवेगळे वाचावेत. काहींत पदवीचा भार थोडा, काहींत बराच असतो.

एमबीएखेरीज दुसरी वाट हवी असेल तर सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था पाताळगंगा येथे रोखे बाजारावरचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०) अर्थशास्त्राकडून फायनान्सकडे जाणाऱ्यांसाठी आहे, पण तिथे गणिताची तयारी कठोरपणे पाहिली जाते.

आता उंबरठ्याखालच्यांची वाट. ज्याला ४५ किंवा ५० टक्केही नाहीत त्याला अनेकदा सल्ला मिळतो की आधी एम.कॉम. कर, मग पदवी कोण बघतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. एम.कॉम.ला सहसा बी.कॉम. उत्तीर्ण असणे पुरते. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण केंद्रातून किंवा इग्नूमधून ते नोकरी सांभाळून करता येते, आणि एम.कॉम. ही स्वतःच एक पदव्युत्तर पदवी आहे. परंतु एमएमएसची अट पदवीच्या टक्केवारीची असते. एम.कॉम.चे ६५ टक्के बी.कॉम.चे ४३ टक्के पुसत नाहीत. परदेशी विद्यापीठे मात्र सगळ्यात अलीकडच्या शिक्षणाला अधिक मान देतात, तिथे एम.कॉम.चा खरा उपयोग होतो.

उंबरठा वळसा घालून ओलांडण्याची एक जागा आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते: सनदी लेखापालाची परीक्षा. बी.कॉम.ला ५५ टक्के (इतर शाखांना ६०) असतील तर सीए इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो. त्याखाली असतील तर फाउंडेशन द्यावी लागते, आणि तिच्यासाठी पदवीची टक्केवारी कुणी विचारत नाही. प्रत्येक पेपरला ४० आणि एकूण ५० टक्के मिळवले की पुढे जाता येते. यूजीसीने २०२१ मध्ये सीए, सीएस आणि आयसीडब्ल्यूए या पात्रतांना पदव्युत्तर पदवीच्या समकक्ष मानले, आणि कॅटच्या पात्रतेतही ठरावीक गुणांसह मिळवलेली अशी व्यावसायिक पात्रता पदवीऐवजी चालते. वाट लांब आहे, गळती मोठी आहे. पण वापी किंवा पालघरच्या सीए कार्यालयात आर्टिकलशिप मिळाली तर विद्यावेतन चालू राहते, हा तिचा मोठा आधार.

दुसरी लांबची वाट बँकेची. आयबीपीएसच्या लिपिक आणि अधिकारी परीक्षांना पदवी लागते, टक्केवारीची अट नसते. नोकरी लागल्यावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी, सीएआयआयबी परीक्षा देता येतात. तीन-चार वर्षांनी हाच उमेदवार अर्धवेळ अभ्यासक्रमाला किंवा परदेशात अर्ज करतो तेव्हा त्याची ओळख 'तिसऱ्या वर्गातला पदवीधर' अशी नसते, 'कर्जखात्यात काम केलेला बँकवाला' अशी असते.

उंबरठा ओलांडलेल्याने रांगेत पुढे सरकायचे तर काय दाखवायचे? फायनान्सच्या निवड समितीला एका गोष्टीची शंका असते: हा आकडे पेलेल का. ही शंका नेमकी कोणत्या विषयातून आली ते पाहून उत्तर द्यावे. इंग्रजी किंवा पर्यावरणाच्या पेपरमुळे सरासरी खाली आली असेल आणि अकाउंट्स, कॉस्टिंग बरे असेल, तर विषयवार गुण पुढे मांडणे पुरते. गणित-संख्याशास्त्रातच केटी असेल तर नवा पुरावा हवा. जीमॅट आणि जीआरई या परीक्षा ही त्याची जुनी साधने. नव्या जीमॅटचे गुण २०५ ते ८०५ या पट्ट्यात येतात, जीआरईचे २६० ते ३४०. दोन्हींत गणिताचे गुण वेगळे दिसतात, आणि फायनान्ससाठी तेच आधी पाहिले जातात. त्याहून स्वस्त साधन म्हणजे स्वयम्-एनपीटीईएलवरचे संख्याशास्त्र, अर्थमिती किंवा कॉर्पोरेट फायनान्सचे अभ्यासक्रम. मात्र नुसते व्हिडिओ पाहिल्याचा दाखला कुणी विचारत नाही. केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे प्रमाणपत्र हवे. एनआयएसएमच्या म्युच्युअल फंड वितरक किंवा संशोधन विश्लेषक परीक्षाही खिशाला झेपतात आणि लगेच नोकरीला उपयोगी पडतात. सीएफएच्या पहिल्या पातळीला पदवीची टक्केवारी लागत नाही, पण शुल्क डॉलरमध्ये, आणि ते मोठे. तलासरीच्या घरात ती रक्कम उभी करण्याआधी तीच मेहनत सीईटीत घालणे बहुधा शहाणपणाचे.

परदेशाच्या बाबतीत तीन देशांचे तीन स्वभाव. ब्रिटनमध्ये चांगल्या विद्यापीठांची अट 'टू-वन' दर्जाची असते आणि भारतीय पदवीसाठी ती साधारण ६० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. 'टू-टू'वर प्रवेश देणारी विद्यापीठे ५० ते ५५ टक्क्यांनाही घेतात, पण त्यांची फी त्या प्रमाणात खाली येत नाही. कमी गुणांच्या विद्यार्थ्याला एजंट इथेच गाठतो. अमेरिकेत तीन वर्षांच्या भारतीय पदवीचा वेगळा अडसर असतो. काही विद्यापीठे ती मान्य करतात, काही चौथे वर्ष किंवा एम.कॉम. मागतात. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीने तो प्रश्न काही अंशी सुटेल.

जर्मनीचा हिशोब सगळ्यात उघडा आहे, कारण तो सूत्राने होतो. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तिनाने गुणून एक मिळवायचा. तिथे १ उत्तम आणि ४ काठावर पास. टक्केवारीत कमाल १००, किमान ४० धरले तर ५२ टक्क्यांचे ३.४ होतात. तोच विद्यार्थी श्रेणीगुणांत मोजला, कमाल १०, किमान ४ आणि मिळालेले ६, तर ३.० होतात. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. टक्केवारीने तिथे पोचायला ७० लागतात, श्रेणीने सीजीपीए ७, जो ५५ ते ६० टक्क्यांतही येतो. मुंबई विद्यापीठाच्या कोष्टकाची फसवी जागा इथे उमेदवाराच्या बाजूने पडू शकते, मात्र कोणता आकडा धरायचा ते विद्यापीठ ठरवते, उमेदवार नाही. जर्मनीला जाण्याआधी एपीएस हा कागदपत्र-पडताळणीचा दाखला घ्यावा लागतो. २०२२ च्या अखेरीपासून भारतीय विद्यार्थ्यांना तो बंधनकारक आहे.

निवेदनात कमी गुणांचा उल्लेख करावा का? करावा, पण तीन-चार वाक्यांत, आणि तपासता येईल असा. 'परिस्थिती हलाखीची होती' हे वाक्य निवड समितीने शेकडो वेळा वाचलेले असते. 'दुसऱ्या वर्षी उंबरगावच्या कारखान्यात रात्रपाळी केली, त्या दोन सत्रांत तीन विषय राहिले, काम सोडल्यावर शेवटच्या दोन सत्रांत एकही राहिला नाही' हे वाक्य गुणपत्रिकेशी जोडून पाहता येते. त्यापुढची जागा विषयाला द्यावी. डहाणू-तलासरीच्या उमेदवाराला विषय शोधायला लांब जावे लागत नाही: पावसाळ्यातली उपासमार टाळण्यासाठी पूर्वी दिले जाणारे खावटी कर्ज, बचत गटांची हप्तेफेड, भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूची दलालामार्फत होणारी विक्री, बुलेट ट्रेन आणि द्रुतगती मार्गाच्या भूसंपादनात हातात आलेल्या मोबदल्याचे काय झाले, ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्यावर किनाऱ्यावरच्या जमिनींचे व्यवहार. यातल्या एकाचा स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर दोन पानी हिशोब मांडणारा उमेदवार मुलाखतीत लक्षात राहतो. शिफारसपत्राबाबत एक अडचण असते. इथल्या प्राध्यापकांना अशी पत्रे लिहिण्याची सवय कमी, आणि 'तूच लिहून आण, सही करतो' असे उत्तर मिळते. तसे पत्र एका नजरेत ओळखू येते. त्यापेक्षा पतपेढीच्या व्यवस्थापकाचे किंवा सीए साहेबांचे, केलेल्या कामाचा तपशील असलेले साधे पत्र अधिक उपयोगी.

राहिला कागदांचा आणि पैशांचा भाग, आणि इथे चांगले उमेदवार गळतात. अनुसूचित जमातीच्या जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि पडताळणी समितीकडून ते मिळायला महिने जातात. सीईटीचा अर्ज भरतानाच नव्हे, पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच तो प्रस्ताव टाकलेला बरा. केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतल्यास महाडीबीटीवरून आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी मिळते. शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. संस्थास्तरावर, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ सहसा मिळत नाही. कमी गुणांमुळे घाबरून आधीच कोट्याची जागा पैसे भरून पक्की करणे म्हणून दुप्पट महाग पडते. वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून भोजन-निवासाची रक्कम खात्यात जमा होते. चौकशी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते.

परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमातीसाठी देशभरातून दरवर्षी वीस, त्यांपैकी तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी. पालघरचे कातकरी त्या गटांत येतात, वारली येत नाहीत. पण इथेही पदवीच्या किमान गुणांची अट असल्याने कमी गुणांचा उमेदवार पुन्हा उंबरठ्यावरच उभा राहतो. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेमुळे तारण लागत नाही. त्यापुढे बँक तारण मागते, आणि आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ ची बंधने असल्यामुळे ती जमीन तारण घ्यायला बँका कचरतात. ही बंधने जमीन राखण्यासाठीच आहेत. फक्त लंडनच्या तीस लाखांच्या फीचा बेत करताना ती आधी ध्यानात घ्यावीत.

शेवटी वेळ. परदेशी विद्यापीठांना ट्रान्सक्रिप्ट लागते, आणि ती कलिन्याच्या परीक्षा भवनातून निघते. २०१७ मध्ये ऑनलाइन उत्तरपत्रिका तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल काही महिने लांबले आणि अनेकांचे पुढचे प्रवेश हुकले. तेव्हापासून जाणते विद्यार्थी पाचव्या सत्राच्या निकालानंतरच ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाकतात आणि शेवटच्या सत्राची गुणपत्रिका हातात येताच ती पुरवणी म्हणून पाठवतात. केटी राहिलेल्याने आधी ती सोडवावी. अंतिम वर्षाचा सशर्त प्रवेश ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तीर्ण गुणपत्रिका न दिल्यास रद्द होतो, आणि भरलेल्या फीपैकी किती परत मिळेल ते रद्द करण्याच्या तारखेवर ठरते.